चांगला रस्ता आधी का दुरुस्त करावा

पावसाळा संपला की रस्त्यांची कामं निघतात आणि एक तक्रार हमखास ऐकू येते: "खड्ड्यांचा रस्ता तसाच सोडला आणि बऱ्या रस्त्यावर डांबर ओतत बसलेत." तक्रार पुष्कळदा रास्त असते. तरीही बऱ्या दिसणाऱ्या रस्त्याला आधी हात घालणं हे अनेकदा शास्त्राला धरून असतं. अमेरिकेला हे समजायला आणि समजलेलं कायद्यात उतरवायला छप्पन्न वर्षं लागली. ती हकिकत सांगावीशी वाटते, कारण रस्ता टिकतो की उखडतो हे डांबर आणि खडी जितकं ठरवतात, तितकंच केंद्राचा पैसा कोणत्या कामाला मिळेल हे सांगणारा कायदाही ठरवतो.

आधी रस्ता मरतो कसा ते पाहू. आपल्याला दिसतो तो डांबरी थर पातळ असतो. गाडीचं वजन खालचे खडी-मुरुमाचे थर पेलतात आणि शेवटी ते मातीवर जातं. ऊन आणि हवा लागून डांबर कडक होतं, त्याचा चिवटपणा जातो आणि केसासारख्या भेगा पडतात. या भेगा गाडीतून जाणवतही नाहीत, पण पाण्याला तेवढी वाट पुरते. खालचा थर भिजला की त्याची ताकद निघून जाते. थंड मुलखात तर आत शिरलेलं पाणी गोठून सुमारे ९ टक्के फुगतं आणि रस्ता आतून उचलतं. त्यामुळे रस्ता वर्षाला ठरावीक माप याप्रमाणे झिजत नाही. बरीच वर्षं तो धड दिसतो आणि एका टप्प्यानंतर दोन-चार हंगामांत पार ढासळतो. त्या टप्प्याआधी भेगा भरल्या, वर सील कोट, म्हणजे पाणी अडवणारा डांबराचा पातळ थर, मारला, तर थोडक्यात भागतं. टप्पा ओलांडला की खणून पायापासून करावं लागतं आणि खर्च कित्येक पटींनी चढतो.

कोकणात मे महिन्यात कौलं परतायची पद्धत आहे ती याच हिशेबाने. घर गळायला लागेपर्यंत कोणी थांबत नाही, कारण तोवर वासे कुजायला लागलेले असतात.

समजा एखाद्या खात्याकडे १०० किलोमीटर रस्ते आहेत. १० किलोमीटर पार गेलेत, २० किलोमीटर त्या टप्प्यावर आलेत, बाकी ठीक आहेत. एक किलोमीटर नव्याने करायच्या पैशात आठ किलोमीटरला सील कोट होतो असं धरू आणि खात्याकडे दोन किलोमीटर नव्याने करण्याइतकेच पैसे आहेत. सगळे पैसे सर्वांत वाईट दोन किलोमीटरवर घातले, तर आठ उरतात आणि टप्प्यावरचे वीस घसरून त्यात येतात. तेच पैसे टप्प्यावरच्या सोळा किलोमीटरवर घातले, तर वाईट रस्ते चौदावर थांबतात. लोकांच्या डोळ्यांना पहिला मार्ग न्यायाचा वाटतो, पण पाच वर्षांनी दुसऱ्या मार्गाने गेलेल्या खात्याचे रस्ते चांगले असतात. "सर्वांत वाईट ते आधी" ही सवय मोडणं हा या शास्त्राचा गाभा आहे. इंग्रजी पुस्तकं याला ॲसेट मॅनेजमेंट म्हणतात, आपण मालमत्ता व्यवस्थापन म्हणू.

आता १९५६ कडे वळू. २९ जून १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्ग कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांचं, म्हणजे सुमारे ६६,००० किलोमीटरचं आंतरराज्य महामार्गांचं जाळं बांधायचं ठरलं आणि खर्चाचे ९० टक्के केंद्र देणार होतं. त्यासाठी पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनमागे २ सेंटांवरून ३ सेंट केला आणि ते पैसे ठेवायला महामार्ग ट्रस्ट फंड हे वेगळं खातं उघडलं. काम प्रचंड होतं आणि ते झालंही. पण हे पैसे बांधकामासाठी होते. बांधलेला रस्ता सांभाळायची जबाबदारी पूर्णपणे राज्याची. म्हणजे नव्या रस्त्यावर राज्याने एक डॉलर घातला की केंद्राकडून नऊ यायचे, आणि जुन्या रस्त्याची भेग भरायला घातलेला प्रत्येक डॉलर स्वतःच्या खिशातला. राज्याचा हिशेबनीस कोणती बाजू घेणार हे उघड आहे. कोणाची नियत वाईट नव्हती. कायद्याची रचनाच देखभाल मागे टाकायला लावत होती.

त्याच काळात रस्त्याच्या झिजेवरचा एक फार मोठा प्रयोग इलिनॉयमध्ये ओटावा गावाजवळ चालू होता. डांबराच्या आणि काँक्रीटच्या वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्यांवरून १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं सैनिकांनी ट्रक फिरवले. ११ लाख १४ हजार वेळा एक्सलचा, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसाचा, भार पडला. खर्च २ कोटी ७० लाख डॉलर. त्यातून जो नियम निघाला तो आजही जगभरच्या रस्त्यांच्या आखणीत वापरला जातो: एक्सलवरचं वजन वाढतं त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याचं नुकसान वाढतं. वजन दुप्पट झालं तर नुकसान सोळापट. मोटारीच्या एक्सलवर एक टन आणि ट्रकच्या एक्सलवर आठ टन धरले, तर ट्रकचा एक एक्सल मोटारीच्या एक्सलच्या चार हजारपट झीज करतो. रस्त्यावर मोटारी कितीही दिसोत, रस्ता झिजतो तो मुख्यतः ट्रकांमुळे, त्यातही जादा भरलेल्या.

याच प्रयोगात रस्त्याला गुण द्यायची पद्धत रुजली. माणसांना गाडीत बसवून रस्त्यावरून न्यायचं आणि शून्य ते पाच गुण द्यायला सांगायचं. पुढे त्या गुणांचा यंत्राच्या मोजमापाशी मेळ घातला गेला. १९८२ साली ब्राझीलमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रयोगातून खडबडीतपणाचं एक सर्वमान्य माप निघालं, त्याला आयआरआय (इंटरनॅशनल रफनेस इंडेक्स) म्हणतात. ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या एका काल्पनिक गाडीचं चाक तिच्या सांगाड्याच्या तुलनेत दर किलोमीटरला एकूण किती मीटर वरखाली हलेल, ते हे माप सांगतं. अमेरिकेत किलोमीटरला सुमारे दीड मीटरच्या आत असेल तर रस्ता चांगला आणि २.७ मीटरच्या वर गेला तर वाईट.

पुलांच्या बाबतीत मात्र धडा प्रयोगातून मिळाला नाही. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, नाताळच्या खरेदीच्या दिवसांत, ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज गाड्यांसकट नदीत गेला. ४६ माणसं मेली. पूल १९२८ चा, आणि दोरखंडाऐवजी टोकांना डोळे, म्हणजे गोल भोकं, असलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला. एका पट्टीच्या डोळ्याजवळ जेमतेम अडीच मिलिमीटर खोलीची तडा गेली होती. साखळीच्या प्रत्येक दुव्यात पट्ट्या दोनच, त्यामुळे एक तुटल्यावर सावरायला काही उरलं नाही. त्यानंतर १९६८ च्या कायद्याने पुलांच्या तपासणीचा कार्यक्रम आखला आणि १९७१ मध्ये देशभरासाठी नियम आले: साधारणपणे दर दोन वर्षांनी तपासणी, आणि पुलाच्या भागांना शून्य ते नऊ अंक. चार किंवा त्याखाली अंक आला तर पूल वाईट स्थितीत. आज तिथल्या ६ लाखांहून अधिक पुलांपैकी ४० हजारांवर पूल या यादीत आहेत.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर पहिले आंतरराज्य महामार्ग वयात आले. वीस वर्षांच्या अंदाजाने केलेले ते रस्ते थकायला लागले आणि तेव्हा, १९७६ मध्ये, जुन्या रस्त्यावर नवा थर देणं, तो पूर्ववत करणं यालाही केंद्राचा पैसा वापरता येईल असं कायदा म्हणाला. एवढ्या बदलासाठी वीस वर्षं गेली. १९९१ च्या कायद्याने आणखी पुढचं पाऊल टाकलं: प्रत्येक राज्याने रस्ते आणि पूल यांच्या नोंदी व नियोजनाच्या पद्धती उभारायलाच हव्यात. राज्यांनी कुरकुर केली आणि १९९५ मध्ये ती सक्ती ऐच्छिक झाली. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं चुकलेलं वळण वाटतं.

सक्ती परत आली २०१२ मध्ये. मधे १ ऑगस्ट २००७ रोजी मिनियापोलिसमधला मिसिसिपीवरचा महामार्गाचा पूल कोसळून १३ जण दगावले होते. त्या पुलाची तपासणी नियमित होत होती. दोष मूळ आखणीतच होता, सांध्यावरच्या काही पत्र्यांची जाडी हवी होती त्याच्या निम्मीच होती. तपासणारा गंज शोधतो, चाळीस वर्षांपूर्वीचं गणित पुन्हा करत नाही. त्यामुळे मालमत्ता व्यवस्थापनाने हा अपघात टळला असता असं म्हणता येणार नाही. पण देशाचं लक्ष मात्र जुन्या पुलांकडे वळलं.

२०१२ चा कायदा मॅप-२१ या नावाने ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग जाळ्यातल्या रस्त्यांसाठी आणि पुलांसाठी प्रत्येक राज्याने जोखीम लक्षात घेऊन आराखडा करायचा. आपल्याकडे काय आहे, ते कोणत्या स्थितीत आहे, प्रत्येक प्रकारच्या रस्त्यावर आयुष्यभरात कधी कोणतं काम केलं तर एकूण खर्च कमीत कमी होईल, पूर-भूकंपाची जोखीम किती, आणि किमान दहा वर्षांचे पैसे कुठून येणार, हे सगळं त्यात लिहावं लागतं. आराखडा केला नाही, तर या जाळ्यासाठीच्या केंद्रीय कार्यक्रमातल्या कामांना केंद्राचा वाटा ६५ टक्क्यांवर उतरतो. आंतरराज्य रस्त्यांपैकी ५ टक्क्यांहून जास्त भाग वाईट निघाला, किंवा पुलांच्या पृष्ठभागापैकी १० टक्क्यांहून जास्त भाग वाईट पुलांचा असला आणि तीन वर्षं तसाच राहिला, तर राज्याला निधीचा काही भाग त्याच कामासाठी बाजूला काढावा लागतो. एक नियम मला विशेष शहाणपणाचा वाटतो: १९९७ पासून आपत्तीत दोन किंवा अधिक वेळा मोडलेला रस्ता किंवा पूल पुन्हा जसाच्या तसा बांधण्याआधी दुसरा काही मार्ग आहे का, हे राज्याने तपासायचं.

पण नोंद करणं वेगळं आणि काम करणं वेगळं. २८ जानेवारी २०२२ च्या पहाटे पिट्सबर्गमधला फर्न हॉलो पूल दरीत कोसळला, एका लांबलचक सिटी बससह. कोणी मेलं नाही, ही नशिबाची गोष्ट. पायाभूत सुविधांवर बोलायला राष्ट्राध्यक्ष बायडेन त्याच दिवशी शहरात येणार होते, ते आधी दरीपाशी गेले. हा पूल वेगळ्या पोलादाचा होता. या पोलादात तांबं, क्रोमियम असे धातू थोडे मिसळलेले असतात. वर गंजाचा घट्ट थर धरतो आणि तोच आतलं पोलाद राखतो, रंग द्यावा लागत नाही. अट एकच, पोलादाला ओलं होऊन सुकायला मिळालं पाहिजे. इथे पुलावरची पाणी जायची भोकं तुंबली होती. पाणी आणि कचरा पुलाच्या पायांवर साचत राहिला, राखणारा थर कधी बसलाच नाही आणि पाय कुरतडले गेले. दर तपासणीत निचरा साफ करा, गंज काढा असं लिहिलं जात होतं. २०११ पासून पूल वाईट यादीत होता. अपघाताची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने २०२४ मध्ये ठपका ठेवला तो या शिफारशी वर्षानुवर्षं न पाळल्याबद्दल. एका माणसाने फावडं घेऊन करायचं काम राहिलं आणि अख्खा पूल नव्याने बांधावा लागला.

असं फावड्याचं काम का राहतं? त्याला उद्घाटन नसतं हे खरंच, पण मुख्य अडचण पैशाच्या झऱ्याची आहे. इंधनावर कर घेऊन तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवायचा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९२७ मध्ये नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, पुणे विद्यापीठाचं ग्रंथालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं तेच. त्यांच्या समितीने पेट्रोलवर जादा कर सुचवला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. अमेरिकेच्या ट्रस्ट फंडाच्या सत्तावीस वर्षं आधी.

अमेरिकेत हा झरा आटत चालला आहे. पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून तो याहून वाढलेला नाही. तो किमतीच्या टक्क्यांत नसून ठरावीक सेंटांत आहे, त्यामुळे महागाईने त्याचं मोल निम्म्याहून कमी झालं. गाड्या कमी इंधनात जास्त धावू लागल्या आणि विजेच्या गाड्या हा कर भरतच नाहीत. सप्टेंबर २००८ मध्ये ट्रस्ट फंड रिकामा होण्याच्या बेतात आला तेव्हा सरकारच्या सामान्य तिजोरीतून ८ अब्ज डॉलर घालावे लागले. त्यानंतर हे घालणं थांबलेलं नाही, आकडा २५० अब्जांच्या पुढे गेला आहे. १९१९ साली पेट्रोलवर पहिला कर लावणाऱ्या ऑरेगन राज्याने २०१५ पासून राजीखुशीने येणाऱ्या वाहनमालकांकडून मैलामागे पैसे घ्यायला सुरुवात केली. ट्रकच्या चौथ्या घाताचा विचार करता, अंतर आणि वजन दोन्ही धरून आकारणी करणं मला जास्त न्यायाचं वाटतं.

१५ नोव्हेंबर २०२१ च्या कायद्याने रस्ते आणि पुलांना मोठी रक्कम दिली. त्यात फक्त पुलांसाठी २७.५ अब्ज डॉलरचा कार्यक्रम आहे आणि राज्यांच्या आराखड्यांत टोकाच्या हवामानाचा विचारही सक्तीचा झाला. या कायद्याची मुदत ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. याआधीचे कायदे संपले तेव्हा अनेकदा पुढचा तयार नव्हता आणि काही आठवड्यांच्या, काही महिन्यांच्या मुदतवाढींवर काम रेटावं लागलं. जिथे बर्फामुळे डांबराचं काम वर्षातून चार-पाच महिनेच करता येतं, तिथे एक मुदतवाढ म्हणजे एक हंगाम जाऊ शकतो. राज्यांकडून दहा वर्षांचा आराखडा मागितला जातो आणि त्यामागचा पैसा पाच वर्षांच्या कायद्यावर आणि १९९३ च्या करावर उभा आहे.