कार-टी पेशी उपचार

कार-टी पेशी उपचार : रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवे जनुक घालायचे आणि कॅन्सरची पेशी ओळखू लागलेल्या त्या पेशी परत त्याच रुग्णाच्या शिरेतून सोडायच्या, अशी ही उपचारपद्धती. बी-पेशींचा (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) तीव्र ल्युकेमिया, काही प्रकारचे लिम्फोमा आणि मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरांत ती वापरतात. बहुधा केमोथेरपीला दाद न देणाऱ्या किंवा बरा होऊन उलटलेल्या आजारात. गोळी हजारोंच्या संख्येने बनते आणि कपाटात महिनोन्‌महिने टिकते. इथे प्रत्येक पिशवी एकाच माणसासाठी बनते आणि तिच्यातले औषध जिवंत असते. या उपचाराचे यशापयश बहुतांशी या एका गोष्टीवर ठरते.

‘कार’ म्हणजे कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर, मराठीत संकरित ग्राही. पेशीबाहेर अँटिबॉडीचा एक तुकडा असतो, तो शत्रूपेशीवरचे ठरावीक प्रथिन पकडतो. मधला भाग पेशीच्या आवरणातून आरपार जातो. आतल्या बाजूला दोन इशारे देणारे भाग असतात : सीडी३-झीटा हा ‘मार’ असे सांगतो, तर सीडी२८ किंवा ४-१बीबी हा पेशीला तग धरायला आणि वाढायला लावतो. पकडायचे प्रथिन बहुधा सीडी१९ असते. ते निरोगी आणि कॅन्सरग्रस्त अशा बहुतेक सगळ्या बी-पेशींवर आढळते, पण रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींवर नसते. निरोगी बी-पेशीही मारल्या जातात हे खरे, पण बी-पेशींवाचून माणूस जगू शकतो. यकृताच्या किंवा फुप्फुसाच्या पेशींबद्दल असे म्हणता येत नाही. घन गाठींच्या कॅन्सरात ही पद्धत अजून मागे आहे, त्याचे एक मोठे कारण हेच.

इस्राएलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार यांच्या गटाने १९८९ मध्ये असा ग्राही तयार केला, तो अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. त्यात दुसरा इशारा नव्हता, त्यामुळे सुरुवातीच्या पेशी शरीरात लवकर संपत. तो जोडल्यावर चित्र पालटले. २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला हा उपचार मिळाला. दोनदा उलटलेला ल्युकेमिया त्यानंतर परतला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत पहिल्या कार-टी औषधाला मान्यता मिळाली.

भारतातला पहिला उपचार मुंबई परिसरात घडला. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत ग्राही तयार झाला, टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांनी त्याच्या चाचण्या केल्या आणि जून २०२१ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच कॅन्सर संशोधन केंद्रात पहिल्या रुग्णाला पेशी दिल्या गेल्या. ‘नेक्सकार१९’ या नावाच्या त्या औषधाला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटीत त्याचे लोकार्पण केले. त्यातला अँटिबॉडीचा तुकडा उंदराच्या मूळ रूपावरून मानवी प्रथिनाच्या जवळ आणलेला आहे. प्रकाशित चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. अमेरिकेतल्या पहिल्या औषधाची किंमत ४,७५,००० डॉलर होती. भारतीय औषध सुरुवातीला सुमारे ४० लाख रुपयांना मिळू लागले. जनुक वाहून नेणारा विषाणू इथेच बनवला, हे किंमत उतरण्याचे एक प्रमुख कारण. तरीही जमीन विकल्याशिवाय एवढी रक्कम उभी राहणार नाही अशी घरे आपल्याकडे असंख्य आहेत, आणि हा उपचार खऱ्या अर्थाने पोहोचला असे म्हणायला अजून बराच अवकाश आहे.

पेशी गोळा करणे : रुग्णाला अफेरेसिस यंत्राला जोडतात. रक्त एका नळीतून यंत्रात जाते, गरगर फिरताना त्याचे वजनानुसार थर पडतात, पांढऱ्या पेशींचा थर पिशवीत उतरवतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या नळीतून परत देतात. तीन ते पाच तास लागतात. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळतात. ते रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. ‘मुंग्या आल्या की लगेच सांगा’ हे रुग्णाला सुरू करण्याआधीच बजावावे. यंत्राचा वेग कमी केला आणि कॅल्शियम दिले की त्या थांबतात. अंगावर काढल्या तर हातापायांत गोळे येतात.

खरी चूक मात्र याच्या कितीतरी आधी होते. पेशी गोळा करण्याआधी निदान तीन दिवस स्टेरॉइड बंद हवे, कारण स्टेरॉइड टी-पेशींनाच मारते. बेंडामस्टिनसारखी काही केमो औषधे टी-पेशींना महिनोन्‌महिने दुबळे ठेवतात. एकामागून एक पाच-सहा प्रकारचे केमो उपचार संपवून, ‘आता काहीच उरले नाही’ म्हणून पाठवलेल्या रुग्णाच्या रक्तात पुरेशा आणि धडधाकट टी-पेशीच सापडत नाहीत. म्हणून आजार पहिल्यांदा उलटला की लगेच कार-टी केंद्राचा सल्ला घ्यावा, मग उपचार तिथे होवो वा न होवो.

प्रयोगशाळेत : टी-पेशी वेगळ्या करून त्यांना सीडी३ आणि सीडी२८ वरच्या अँटिबॉडींनी जागे करतात. मग लेंटिव्हायरस मिसळतात. हा एचआयव्हीच्या कुळातला, पण स्वतःची संख्या वाढवण्याची क्षमता काढून घेतलेला विषाणू. त्याचे काम फक्त जनुक पोहोचवण्याचे. पुढे सात ते दहा दिवस पेशी वाढवतात. पिशवी सोडण्याआधी जिवंत पेशींचे प्रमाण (साधारण ७० टक्क्यांहून कमी चालत नाही), ग्राही दिसणाऱ्या पेशींचा वाटा, जंतू, मायकोप्लाझ्मा (अतिसूक्ष्म जंतू), एंडोटॉक्सिन (जंतूंचे विष) आणि प्रत्येक पेशीमागे जनुकाच्या सरासरी किती प्रती बसल्या हे तपासतात. यातले काही नापास झाले तर पिशवी बाद होते. मग पुन्हा पेशी काढायच्या, आणि रुग्णाकडे तेवढा वेळ असेलच असे नाही. उत्तीर्ण पेशी डायमिथाइल सल्फॉक्साइड घातलेल्या द्रावात गोठवून द्रव नायट्रोजनच्या वाफेत, उणे १३० अंशांखाली ठेवतात. शिरेतून काढल्यापासून परत शिरेत जाईपर्यंत तीन-चार आठवडे जातात. तेवढ्या काळात आजार आटोक्यात ठेवायला थोडी केमो किंवा रेडिएशन द्यावे लागते.

पेशी सोडणे : आधी तीन दिवस फ्लुडाराबिन (दर चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम) आणि सायक्लोफॉस्फामाइड (तेवढ्यालाच ३०० ते ५०० मिलिग्रॅम) ही केमो औषधे देऊन शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइट कमी करतात, म्हणजे नव्या पेशींना जागा आणि वाढीचे पोषक संदेश मिळतात. मग साधारण दोन दिवसांची विश्रांती. पेशी सोडण्याच्या दिवशी पिशवीवरचे नाव आणि क्रमांक दोघांनी स्वतंत्रपणे रुग्णाच्या हातपट्टीशी ताडून पाहायचे. पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायची, गुठळ्या हलक्या हाताने मोडायच्या आणि अर्ध्या तासाच्या आत पेशी आत जायला हव्यात. नळीच्या सेटला पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर लावायचा नाही. रक्त चढवायची सवय असलेल्या हातांकडून ही चूक होऊ शकते, आणि मग महिन्याभराच्या कष्टाचे औषध त्या फिल्टरमध्ये अडकून राहते. पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीचे औषध आधी देतात, स्टेरॉइड नाही. थोड्याच वेळात रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येऊ लागतो; तो गोठवणीच्या द्रावाचा असतो, दिवसा-दोन दिवसांत जातो.

पेशी पिशवीतून गेल्या म्हणजे मात्रा संपली असे नाही. ती आत वाढत जाते. पहिल्या दोन आठवड्यांत ताप येतो, रक्तदाब उतरतो, ऑक्सिजन कमी पडतो. याला सायटोकाइन रिलीज सिंड्रोम म्हणतात. पांढऱ्या पेशींची संख्या याच वेळी सर्वांत कमी असते, म्हणून हा ताप जंतूंचा नाही असे कधीच गृहीत धरू नये : रक्ताचे कल्चर (जंतू शोधणारी तपासणी) पाठवून अँटिबायोटिक लगेच सुरू करावे. टोसिलिझुमॅब (वजन ३० किलो किंवा जास्त असल्यास किलोमागे ८ मिलिग्रॅम, त्याखाली १२, कमाल ८००) आयएल-६ या रसायनाचा मार्ग अडवते आणि ताप बऱ्याचदा काही तासांत उतरतो. या औषधाच्या निदान दोन मात्रा पेशी सोडण्याआधीच इस्पितळात हाताशी हव्यात.

दुसरा धोका मेंदूचा, आणि तो पकडायला महागडे यंत्र लागत नाही. सिस्टर दिवसातून किमान दोनदा रुग्णाला विचारते : साल कोणते, महिना कोणता, गाव कोणते, आपण कुठल्या इस्पितळात आहोत. मग घड्याळ, पेन, बटण अशा तीन वस्तूंची नावे सांगायला लावते. एक सोपी सूचना पाळायला सांगते. शंभरापासून दहा-दहा वजा करत मोजायला लावते. आणि एक वाक्य लिहून घेते. एकूण दहा गुण. रोज तेच वाक्य, त्याच वहीत. काल ‘आज आकाशात ढग आहेत’ हे सरळ रेषेत लिहिणाऱ्या माणसाची अक्षरे आज शिरोरेघ सोडून खाली घसरली असतील, तर बोलणे बिघडण्याआधीच वहीने इशारा दिलेला असतो. ही परीक्षा रुग्णाच्या भाषेतच घ्यायला हवी. फक्त मराठी बोलणाऱ्या आजीला हिंदीत प्रश्न विचारले तर गुण उगाचच कमी पडतील आणि गरज नसताना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू होईल.

पहिले काही आठवडे केंद्राच्या जवळ राहावे लागते. नंतरही प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अनेक आठवडे कमी राहू शकतात. चढवायचे रक्त विकिरण केलेलेच हवे. बी-पेशी गेल्यामुळे अँटिबॉडी बनत नाहीत. आयजीजी या अँटिबॉडीचे प्रमाण दर डेसिलिटर रक्तद्रवात ४०० मिलिग्रॅमच्या खाली गेले आणि जंतुसंसर्ग होत राहिले, तर दर महिन्याच्या सुमारास इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. हेपटायटिस-बी आणि क्षयरोग पूर्वी होऊन गेला असेल तर ते पुन्हा डोके वर काढू शकतात, म्हणून त्यांची तपासणी सुरुवातीलाच करावी.

काहींचा आजार उलटतोही, आणि तो दोन तऱ्हांनी. कधी कार-टी पेशी लवकर संपतात. कधी कॅन्सरची पेशी सीडी१९ टाकून देते आणि ग्राहीला धरायला काही उरत नाही. याउलट २०१० मध्ये उपचार घेतलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही कार-टी पेशी सापडल्या.

कॅन्सरपलीकडेही हीच युक्ती वापरून पाहिली जात आहे. जर्मनीतल्या एरलांगन इथे गंभीर ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराच्या) रुग्णांना सीडी१९ विरुद्धच्या पेशी दिल्यावर त्यांचा आजार औषधांशिवाय शांत राहिला. म्हातारपणाकडेही संशोधक वळले आहेत : थकलेल्या, विभाजन थांबलेल्या पेशींवर युपार नावाचे प्रथिन वाढते, आणि त्याला धरणाऱ्या कार-टी पेशींनी वयस्क उंदरांची साखर पचवण्याची आणि धावण्याची क्षमता सुधारली. माणसात अजून असे काही सिद्ध झालेले नाही. या नावाखाली कोणी म्हातारपणावर उपचार विकत असेल तर त्यापासून दूर राहावे.

उपचारानंतर क्वचित टी-पेशींचाच कॅन्सर झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत, म्हणून रुग्णाचा पाठपुरावा पंधरा वर्षे ठेवतात. रुग्णाजवळ उपचाराची तारीख आणि केंद्राचा फोन असलेले कार्ड कायम असावे. लेंटिव्हायरसच्या जनुकामुळे एचआयव्हीची पीसीआर चाचणी खोटी सकारात्मक येऊ शकते, ही ओळही त्या कार्डावर ठळक अक्षरांत हवी.