आकडा जातो, चित्र दिसते

फोनवरून हसरा चेहरा पाठवला तरी पलीकडे चित्र जात नाही; जातो तो फक्त १२८५१२ हा आकडा. समोरचा फोन तो आकडा आपल्याकडच्या फॉन्टमध्ये शोधतो आणि त्या जागी आधीच काढून ठेवलेले चित्र दाखवतो. इमोजी इतके झपाट्याने पसरले ते याच सोयीमुळे, आणि त्यांच्यावरून होणारे बहुतेक घोटाळेही याच सोयीतून निघतात.

चेहऱ्यावरचा भाव अक्षरांत उतरवायची गरज आधीपासून होती. १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फालमन यांनी सुचवले, की संगणकावर लिहिलेला विनोद विनोद म्हणूनच वाचला जावा यासाठी त्याच्यापुढे अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि उजवा कंस टाकावा. मान तिरकी केली की हसरा चेहरा दिसतो. जपानमध्ये १९९७ साली जे-फोन कंपनीच्या एका मोबाइलवर ९० चिन्हे आली. पाठोपाठ १९९९ मध्ये एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीची आय-मोड ही इंटरनेट सेवा सुरू झाली. तिच्यासाठी शिगेताका कुरिता या पंचविशी नुकत्याच ओलांडलेल्या तरुणाने १७६ चिन्हांचा संच तयार केला. प्रत्येक चिन्हाला आडवे १२ आणि उभे १२, म्हणजे १४४ ठिपके एवढीच जागा होती. चित्रे फोनमध्येच साठवलेली होती आणि निरोपात फक्त त्यांचा क्रमांक जाई, त्यामुळे महागड्या, मंद जाळ्यावर त्यांचा भार अक्षरांइतकाच पडे.

अडचण अशी, की जपानमधल्या प्रत्येक मोबाइल कंपनीने क्रमांक आपापल्या मनाने ठरवले होते. एका कंपनीच्या ग्राहकाने धाडलेले हृदय दुसऱ्या कंपनीच्या फोनवर दोन जाड आडव्या रेघांचे चिन्ह होऊन उमटे. नेमके अक्षर हाताशी नसले की जपानी छपाईत तेच चिन्ह वापरायची रीत होती. पुढे गूगल आणि ॲपलमधील अभियंत्यांनी या चिन्हांना जागतिक क्रमांक द्यावेत असा प्रस्ताव मांडला. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडची, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या सामाईक यादीची, ६.० ही आवृत्ती आली आणि शेकडो इमोजींना कायमचे क्रमांक मिळाले. दिलेला क्रमांक युनिकोड काढूनही घेत नाही आणि बदलतही नाही. तेव्हाचा निरोप आजही उघडतो तो या नियमामुळे.

खरी कारागिरी आहे ती जोडणीत. आज इमोजींची संख्या ३,७००हून अधिक आहे, पण त्यांतल्या पुष्कळांना स्वतःचा क्रमांकच नाही. ते इतरांना सांधून तयार होतात. आई, बाबा, मुलगी आणि मुलगा असे कुटुंब हवे असेल तर चार माणसांचे चार क्रमांक लिहितात आणि दोघांच्या मध्ये ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य चिन्ह ठेवतात. झीरो विड्थ जॉइनर हे त्याचे नाव. चार माणसे आणि तीन सांधे, म्हणजे सात संकेतांक मिळून एक चित्र. हा सांधा इमोजींसाठी घडवलेला नाही. अरबी आणि भारतीय लिप्यांची जोडणी सांभाळण्यासाठी तो युनिकोडमध्ये आधीपासून होता. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक संगणकाला कळावा म्हणून र, हलन्त आणि त्यापुढे हाच अदृश्य सांधा लिहिण्याची पद्धत आहे (‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरण्याची दुसरी पद्धतही चालते). आपल्या ‘दऱ्या’तला अर्धा ‘र’ घडवणारे चिन्हच बाईला सूक्ष्मदर्शकाशी जोडून वैज्ञानिक बनवते, ही मला या साऱ्या रचनेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

त्वचेच्या पाच छटा २०१५ साली आल्या, त्याही अशाच: मूळ चिन्हानंतर लगेच १२७९९५ ते १२७९९९ यांपैकी एक क्रमांक. झेंड्यांसाठी देशाच्या संक्षेपातली दोन खास अक्षरे पाठोपाठ येतात. फॉन्टमध्ये तो झेंडा नसेल तर नुसती ती दोन अक्षरे दिसतात. विंडोजच्या संगणकांवर हे वर्षानुवर्षे होत आले आहे. लाल हृदयाचा क्रमांक १००८४ हा तर इमोजींच्या कितीतरी आधीचा, साध्या छपाईच्या चिन्हाचा. त्याच्यानंतर ६५०३९ हा अदृश्य क्रमांक असला तर ते रंगीत होते. कॉपी-पेस्ट करताना तो गळला तर काही ठिकाणी हृदय काळे दिसते.

बिघाडही बहुतेक याच जागी होतात. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेला वरच्या कुटुंबाची लांबी विचारली तर उत्तर येते ११, कारण ती भाषा १६ बिटांचे तुकडे मोजते: प्रत्येक माणसाचे दोन आणि प्रत्येक सांध्याचा एक. नाव दहा अक्षरांवर कापायचे असा कोणी साधा नियम लिहिला, की शेवटच्या मुलाचा अर्धाच आकडा उरतो आणि पडद्यावर काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. उपाय सरळ आहे. मोजणी आणि कापणी तुकड्यांवर करू नये. वाचणाऱ्याला जे एक अक्षर दिसते त्या एककावर करावी. बहुतेक आधुनिक भाषांत त्यासाठी तयार साधने आहेत. मराठी मजकुरालाही याचा तितकाच फायदा होतो, कारण ‘क्षि’ आपल्याला एक दिसते, पण संगणकासाठी ते चार संकेतांक असतात.

डेटाबेसमधली खोच वेगळी. हे क्रमांक साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला १, देवनागरीला ३ आणि बहुतेक इमोजींना ४ बाइट लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीतला जुना ‘यूटीएफ८’ प्रकार ३ बाइटांपुढे जात नसे. मराठी मजकूर त्यात बिनबोभाट साठे, म्हणून चूक ध्यानात येत नसे. पहिला इमोजी आला की नोंद नाकारली जाई, किंवा सेटिंग ढिले असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर गुपचूप गळे. त्यासाठी ‘यूटीएफ८एमबी४’ प्रकार निवडावा लागतो, आणि तोही टेबल, रकाना आणि डेटाबेसशी होणारी जोडणी या तिन्ही ठिकाणी. एक जागा राहिली तरी बिघाड कायम राहतो.

एसएमएसमध्ये इमोजी थेट पैसे खातो. एका एसएमएसला १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट मिळतात. साधी रोमन अक्षरे ७ बिटांत बसतात, म्हणून १६० मावतात. एकही इमोजी आला तर सगळा निरोप १६ बिटांवर जातो आणि मर्यादा ७०वर येते. देवनागरीला ती मुळातच ७० असते. निरोप तुकड्यांत गेला तर जोडणीची माहितीही सोबत न्यावी लागते, म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७च उरतात. १०० रोमन अक्षरांच्या शेवटी एक हसरा चेहरा लावला, तर एकाचे दोन एसएमएस होतात.

आकडा एकच असला तरी चित्र प्रत्येक कंपनीचे वेगळे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवले, की डोळे मिटून हसणारा एक चेहरा बाकीच्यांच्या फोनवर आनंदी वाटे, तर ॲपलच्या तेव्हाच्या चित्रात तोच दातओठ खाताना दिसे. पाठवणाऱ्याला आपल्या बाजूचे चित्र दिसते, समोरचे नाही. त्यामुळे गैरसमज कुठे झाला हे दोघांनाही उमगत नाही. त्याच वर्षी ॲपलने पिस्तुलाच्या जागी पाण्याची पिचकारी काढली. २०१८मध्ये इतरांनी तसेच करेपर्यंत इकडची पिचकारी तिकडे खरे पिस्तूल होऊन पोहोचत होती.

या आकड्यांच्या यादीत भर घालण्याचा प्रस्ताव कोणीही पाठवू शकते. रायूफ अलहुमैदी या बर्लिनमध्ये राहणाऱ्या सौदी मुलीने २०१६ साली, वयाच्या १५व्या वर्षी, हिजाब घातलेल्या स्त्रीचा इमोजी मागितला. पुढच्याच वर्षी त्याला १२९४९३ हा क्रमांक मिळाला. तिचे यश मागणीइतकेच मांडणीचेही होते. युनिकोडला सह्यांची मोहीम नको असते; हवा असतो वापराचा पुरावा. त्या शब्दाचा शोध लोक किती घेतात हे आलेखांनी दाखवावे लागते, आणि तुलनेसाठी ‘हत्ती’ या शब्दाचा शोध ठेवावा लागतो. चित्र अगदी लहान आकारातही ओळखू यावे लागते. कंपन्यांची बोधचिन्हे, विशिष्ट व्यक्ती, विशिष्ट इमारती आणि देवदेवता चालत नाहीत; नव्या झेंड्यांचे प्रस्तावही आता घेतले जात नाहीत. हातातल्या इमोजींची जोडी लावून जे सांगता येते, त्याचा प्रस्ताव बहुधा इथेच अडतो.

मंजुरीनंतरही कंपन्यांनी चित्र काढून फोन अद्ययावत करेपर्यंत बराच काळ जातो. तरुण मंडळी तोवर थांबत नाहीत, आहे त्याच चिन्हाचा अर्थ वळवतात. कवटीचा अर्थ ‘हसून मेलो’ असा झाला तेव्हा यादीतला एकही आकडा बदलला नाही. हा नवा अर्थ स्क्रीन रीडरला मात्र ठाऊक नसतो. दृष्टिहीन वाचकाला तो इमोजीचे अधिकृत नाव वाचून दाखवतो: हशा पिकवणाऱ्या वाक्यानंतर ‘कवटी’, आणि टाळ्यांचे चिन्ह दहा वेळा टाकले असेल तर ‘टाळ्या’ बऱ्याचदा दहा वेळा. म्हणून इमोजी शब्दाच्या जागी न घालता वाक्य संपल्यावर ठेवावा, आणि एकदाच.