वेगाचा आकडा आणि तो मोजण्याची जागा: सॉफ्टबॉलमधील रडार गनची पार्श्वभूमी

अमेरिकेत बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा सॉफ्टबॉलचा (बेसबॉलसारख्याच, पण आखूड अंतरावरच्या खेळाचा) सराव चालू असताना कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या मागे, जाळीपलीकडे, वेग मोजणारी मोबाइलएवढी रडार गन हातात धरून उभा असलेला एखादा पालक आज सहज दिसतो. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पडला की तो वेगाचा आकडा मोठ्याने सांगतो आणि पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी मुलगी, स्ट्राइक (बॅटरच्या विरोधात मोजला जाणारा चेंडू) मिळाला की नाही हे पाहण्याआधी त्याच्याकडे पाहते. हा आकडा मैदानावर मिळू लागल्याला जेमतेम पन्नास वर्षे झाली आहेत. पण तो चेंडूच्या वाटेवर नेमका कुठे मोजायचा, हा घोळ रडारच्याही आधीपासूनचा आहे.

पूर्वी वेग मोजायचा तर खेळाडूलाच यंत्रापाशी जावे लागे. १९१२ मध्ये बेसबॉलचा विख्यात पिचर वॉल्टर जॉन्सन याचा चेंडू कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे, रेमिंग्टन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीत, गोळीचा वेग मोजण्याच्या साधनातून पाठवला गेला आणि तो सेकंदाला १२२ फूट, म्हणजे ताशी सुमारे ८३ मैल भरला. १९४६ मध्ये वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर बेसबॉलचाच पिचर बॉब फेलर याच्या चेंडूचा वेग लष्कराच्या प्रकाशविद्युत यंत्राने ताशी ९८.६ मैल नोंदवला. मात्र हे यंत्र होम प्लेटपाशी, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथे, उभे केलेले होते, आणि तिथे पोहोचेपर्यंत हवेच्या विरोधाने चेंडूचा वेग काही मैलांनी उतरलेला असतो.

रडार मैदानात आले ते पोलिसांच्या गाडीतून, अगदी शब्दशः. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर (१९४२ च्या संपूर्ण हंगामात एकही चूक न करणारे क्षेत्ररक्षक म्हणून ते आधीच नावाजलेले होते) यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात वाचले की, विद्यापीठाच्या पोलिसांनी भरधाव गाड्या पकडण्यासाठी रडार गन घेतली आहे. त्यांनी पोलिसांची गाडीच मैदानावर बोलावून घेतली, कारण ती गन गाडीतल्या सिगारेट लायटरच्या विजेवर चालत असे. मोटारीच्या मानाने चेंडू फारच लहान असल्याने आकडे भरवशाचे येत नव्हते. म्हणून त्यांनी चेंडू फेकण्याची यंत्रे बनवणाऱ्या ‘जग्ज’ कंपनीच्या जॉन पॉलसन यांना गाठले आणि १९७५ मध्ये खास चेंडूसाठीची पहिली गन तयार झाली.

तिच्यामागचे तत्त्व डॉप्लरने १८४२ मध्येच मांडले होते: जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरींची वारंवारता वाढते. २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरणाऱ्या गनला ताशी ६० मैलांचा चेंडू सुमारे ४,३०० हर्ट्झचा फरक दाखवतो. हा फरक कानाला ऐकू येणाऱ्या स्वराच्या पट्ट्यातला असल्यामुळे गन तपासायला शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा नादकाटा पुरतो. तो ठोकून गनसमोर धरायचा आणि त्याच्यावर कोरलेलाच वेग पडद्यावर उमटतो का, ते पाहायचे.

तरीही जुना घोळ सुटला नाही. ‘जग्ज’ची गन चेंडू हातातून सुटल्यासुटल्या त्याला पकडत असे, तर प्रतिस्पर्धी ‘रेगन’ ही गन तो प्लेटच्या जवळ आल्यावर. त्यामुळे बेसबॉलच्या निवडकर्त्यांमध्ये ‘जलद गन’ आणि ‘मंद गन’ असे शब्दच रूढ झाले आणि दोहोंत साधारण चार मैलांचा फरक धरला जाई. आज हातातून सुटतानाचा वेगच प्रमाण मानला जातो. क्रिकेटच्या प्रक्षेपणात दिसणारा आकडाही तोच असतो.

सॉफ्टबॉलमध्ये अंतर कमी असल्याने या आकड्याचा अर्थच बदलतो. बेसबॉलमध्ये पिचर साडेसाठ फुटांवर असतो, तर अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये ४३ फुटांवर. त्यामुळे ताशी ६० मैलांच्या सॉफ्टबॉलला सामोरे जाणाऱ्या बॅटरला जवळजवळ तेवढाच वेळ मिळतो जेवढा ९० मैलांच्या बेसबॉलला मिळतो, म्हणजे सेकंदाचे चार दशांश. मोनिका ॲबट हिने १६ जून २०१२ रोजी टाकलेला ताशी ७७ मैलांचा, म्हणजे सुमारे १२४ किलोमीटरचा चेंडू गिनीज विक्रम म्हणून नोंदला गेला, त्याचे मोल या हिशेबाने कळते.

खिशात मावणारी यंत्रे आल्यावर गन प्रशिक्षकाकडून पालकाच्या हातात गेली आणि उभे राहण्याची शिस्त मागे पडली. चेंडूच्या रेषेपासून वीस अंश बाजूला उभे राहिले, तर ६० मैलांचा चेंडू ५६ दिसतो. कोनामुळे आकडा नेहमी घटतो, वाढत कधीच नाही. म्हणून अचानक अवाच्या सवा वेग दिसला, तर गनने बॅटचा फटका पकडला असण्याचा संशय आधी घ्यावा. माझ्या मते मुलीच्या वहीत वेगाच्या शेजारी गन कुठे धरली होती, हेही लिहायला हवे, कारण एकाच मुलीचे दोन महिन्यांचे आकडे त्याशिवाय ताडून पाहता येत नाहीत. वयोगट बदलतानाही हेच भान लागते: दहा वर्षांखालील गटातून बारा वर्षांखालील गटात गेल्यावर पिचिंगचे अंतर ३५ वरून ४० फूट होते आणि ११ इंच परिघाच्या चेंडूऐवजी १२ इंची, अधिक जड चेंडू हातात येतो, त्यामुळे त्या हंगामात आकडा थोडा खाली आला तरी मुलीचा हात मंदावला असे समजण्याचे कारण नसते.