लूकचे फाटणारे जाळे आणि योहानचे शाबूत जाळे

ईस्टर अष्टकातल्या, म्हणजे ईस्टरपासूनच्या आठ दिवसांतल्या, शुक्रवारी मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) योहानच्या शुभवर्तमानातला २१:१-१४ हा उतारा वाचतात. रात्रभर जाळे रिकामे, पहाटे किनाऱ्यावर उभे प्रभू येशू आणि मग जाळेभर मासळी. उत्तन किंवा पाचूबंदरच्या कोळीवाड्यात या उताऱ्यातली मासेमारी समजावून सांगावी लागत नाही. घोटाळा होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. त्या वाचनावर चिंतन, म्हणजे छोटे मनन, लिहिणाऱ्याच्या डोक्यात लूकच्या शुभवर्तमानातला ५:१-११ आधीपासून बसलेला असतो. मग जाळी फाटू लागणे, पेत्राने स्वतःला पापी म्हणवणे, माणसे धरण्याचे वचन, हे सगळे ईस्टरच्या चिंतनात शिरते. योहानच्या या उताऱ्यात त्यातले काहीच नाही.

गोंधळ होण्यासारखे साम्य आहे खरे. लूक ज्याला गनेसरेत म्हणतो तेच योहानचे तिबिर्य, तळे एकच. दोन्हीकडे रात्र फुकट गेलेली, पेत्र मध्यभागी आणि जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान सोबत.

लूकची घटना मात्र अगदी सुरुवातीची आहे. येशू पेत्राच्या होडीत बसले आहेत. कोळी जाळी धुताहेत, म्हणजे काम आटोपले आहे. धुतलेले जाळे पुन्हा खोल पाण्यात टाकायचे म्हणजे सगळी मेहनत पहिल्यापासून. पेत्र ती करतो. मासळी इतकी लागते की जाळी फाटू लागतात, दुसरी होडी बोलवावी लागते आणि दोन्ही बुडायच्या बेताला येतात. पेत्र घाबरून येशूच्या पाया पडतो, ‘माझ्यापासून दूर जा’ म्हणतो. शेवटी ते सगळे सोडून येशूमागे निघतात.

योहानच्या २१व्या अध्यायात ते बोलावणे कधीच होऊन गेले आहे, आणि येशूच्या अटकेच्या रात्री पेत्राने त्यांना तीनदा नाकारणेही. सात शिष्य, एक होडी. येशू होडीत नाहीत. सुमारे २०० हातांवर, किनाऱ्यावर आहेत आणि ओळखू येत नाहीत. जाळे उजव्या बाजूला टाकायला सांगतात. ‘प्रभू आहे’ हे कानी पडताच पेत्र अंगरखा गुंडाळून पाण्यात उडी घेतो. लूकमध्ये दूर जा म्हणणारा इथे होडी किनाऱ्याला लागेपर्यंतही थांबत नाही. जाळे रापणीसारखे ओढून किनाऱ्यावर येते, मोठे मासे १५३, आणि जाळे फाटत नाही.

१५३ या आकड्यात अडकू नका. १ ते १७ या आकड्यांची बेरीज १५३ होते आणि संत ऑगस्टीन यांनी त्यावर अर्थ लावला आहे. पण पाच मिनिटांचे चिंतन त्यातच संपते आणि निखारे राहून जातात.

निखारे नवव्या वचनात आहेत. शिष्य किनाऱ्यावर उतरतात तेव्हा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी आणि भाकर तयार. त्यांची मासळी अजून जाळ्यातच आहे. तरी येशू म्हणतात, तुम्ही धरलेल्यातले थोडे आणा. असाच कोळशांचा विस्तव योहान १८:१८ मध्ये प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात आहे. तिथेच शेकत पेत्राने येशूला नाकारले. त्या शुक्रवारचे पहिले वाचन, प्रेषितांची कृत्ये ४:१-१२, याच्याशी नेमके जुळते. तिथे पेत्र न्यायसभेपुढे निर्भयपणे बोलतो आणि समोर बसलेल्यांत हन्ना आणि कयफा या प्रमुख याजकांची नावे आहेत, म्हणजे त्या अंगणाचेच मालक. दोन्ही वाचने एकत्र ठेवली की दिवसाचे चिंतन लूकची मदत न घेता उभे राहते.

चिंतन लिहायला बसताना आधी लूक मिटून ठेवा. योहानचा उतारा दोनदा वाचा. दुसऱ्यांदा सावकाश, क्रियापदांखाली रेघ मारत. मग १८:१५-२७ वाचा आणि शेवटी कृत्ये ४. एकच वस्तू निवडा: विस्तव, जाळे किंवा अंगरखा. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यापुढे वचनाचा क्रमांक टाकून पाहा. ज्याला क्रमांक सापडत नाही ते बहुतेक लूकमधून आलेले असते.

एक अडचण वाचनक्रमामुळेच येते. त्या दिवशी उतारा १४व्या वचनावर थांबतो. ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ हा येशूने पेत्राला तीनदा विचारलेला प्रश्न (१५-१९) येतो तो बरोबर सहा आठवड्यांनी, पुनरुत्थान काळाच्या सातव्या आठवड्याच्या शुक्रवारी. २०-२५ दुसऱ्या दिवशी. तोवर विस्तव विस्मरणात गेलेला असतो आणि तीन प्रश्न कोरडी परीक्षा वाटतात. म्हणून सातव्या आठवड्यातले चिंतन नवव्या वचनापासून सुरू करावे. रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या ‘क’ वर्षात, म्हणजे पुढे २०२८ मध्ये, पुनरुत्थान काळाच्या तिसऱ्या रविवारी १-१९ सलग वाचता येते. त्याच वर्षी सामान्य काळाच्या (सणांच्या काळांबाहेरच्या आठवड्यांच्या) पाचव्या रविवारी लूक ५:१-११ असतो. ते चिंतन जपून ठेवा, पण एप्रिलमध्ये त्याची नक्कल करू नका.