आओई होनो (दूरचित्रवाणी मालिका)

चित्रकथाकार (मांगाका) आणि अ‍ॅनिमेशनकार होऊ पाहणाऱ्या कला महाविद्यालयातल्या मुलांवरची जपानी विनोदी मालिका. १८ जुलै ते २६ सप्टेंबर २०१४ या काळात टीव्ही टोकियोवर शुक्रवारी मध्यरात्रीनंतर तिचे ११ भाग दाखवले गेले. लेखन-दिग्दर्शन युइची फुकुदा यांचे. काझुहिको शिमामोतो यांची याच नावाची चित्रकथा २००७ पासून प्रसिद्ध होऊ लागली. मालिका तिच्यावर बेतलेली आहे.

‘आओई’ म्हणजे निळा, पण जपानीत कच्च्या, न पिकलेल्या माणसालाही हाच शब्द लावतात. ‘होनो’ म्हणजे ज्वाला. नायकाचे नाव होनो मोयुरु, म्हणजे अक्षरशः ‘ज्वाला पेटते’. काळ १९८० च्या सुमाराचा, जागा ओसाका कला विद्यापीठावर बेतलेले एक विद्यापीठ. हल्लीच्या चित्रकथांचा दर्जा घसरला आहे, तेव्हा आपण मनात आणू त्या दिवशी नाव काढू, अशी मोयुरुची पक्की समजूत. तो दुकानात उभ्याउभ्या मासिके चाळतो आणि मित्सुरु अदाची, रुमिको ताकाहाशी यांच्यासारख्या चित्रकथाकारांना मनातल्या मनात शाबासकी देतो. ‘यांचे मोठेपण फक्त मीच ओळखले!’ हा त्याचा थाट. प्रत्यक्ष कागदावर मात्र फारसे काही उतरत नाही.

त्याच वर्गात हिदेआकी आन्नो आहे. पुढे ‘निऑन जेनेसिस इव्हॅन्जेलियन’ (१९९५) ही गाजलेली अ‍ॅनिमेशन मालिका करणारा तोच. सोबत हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाई. या तिघांनी १९८१ मध्ये ओसाकातल्या ‘दाइकॉन ३’ या विज्ञानकथा संमेलनासाठी उद्घाटनाचा अ‍ॅनिमेशनपट केला आणि त्या गोतावळ्यातून १९८४ मध्ये गाइनॅक्स ही अ‍ॅनिमेशन संस्था उभी राहिली. हे प्रेक्षकाला ठाऊक असते, मोयुरुला नसते. मालिकेतला बहुतेक विनोद या फटीतून येतो. आन्नो चेहरा उघडाच ठेवून अल्ट्रामॅन (जपानी दूरचित्रवाणीवरचा मुखवटाधारी महानायक) होतो, तेव्हा वर्ग आधी हसतो, मग गप्प होतो. मोयुरुच्या पोटात गोळा येतो. आपण याच्या पासंगालाही पुरणार नाही, हे त्याला कळते, पण ते कबूल करण्याऐवजी तो नवे तत्त्वज्ञान रचतो. ज्याने कधी कुणाच्या वहीत डोकावून आपली वही मिटून घेतली असेल, त्याला हे दृश्य नुसते हसून सोडता येत नाही.

खरी माणसे खऱ्या नावांनी वावरत असूनही ‘ही कथा काल्पनिक आहे’ अशी सूचना ठणकावून दिली जाते. तोही विनोदच. मोयुरु मात्र टोपणनावाआडचा तरुण शिमामोतोच. शिमामोतो यांचे पदार्पण १९८२ मध्ये झाले.

मोयुरु साकारणारे युया यागिरा यांना २००४ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता. इथे ते घशाच्या शिरा ताणून, डोळे वटारून चित्रकथेतल्या चौकटीसारखे ओरडतात. अभिनय भडक आहे खरा, पण मूळ चित्रांची रेषाही तितकीच भडक आहे. आन्नोचे काम केन यासुदा यांनी केले. वय तेव्हा चाळीस. यामागा झालेले त्सुयोशी मुरोही तिशीच्या अखेरीस होते. दोघे विद्यार्थ्यांपेक्षा प्राध्यापक शोभले असते, आणि मालिका ते लपवायच्या फंदात पडत नाही. गाइनॅक्सच्या संस्थापकांपैकी तोशिओ ओकादा यांनी मालिकेत स्वतः छोटी भूमिका केली, तीही जपानी चित्रकथेचे पितामह ओसामु तेझुका यांची.