फरक्क्याचं गणित आणि आमची नहर

एप्रिल 2025 मध्ये भारताने सिंधू करार स्थगित केला, तेव्हा आमच्या गावच्या टपरीवर एकच बोलणं होतं : "आता पाकिस्तानचं पाणी बंद!" संताप समजतो. पण नदीला तोटी नसते. चिनाबवरची सलाल, बगलिहार ही धरणं वाहत्या पाण्यावर वीज काढणारी, त्यांच्यात साठवण थोडीच. तोटी दाखवणाऱ्या वाहिन्यांनी एवढं तरी सांगायला हवं होतं.

सिंधू खोऱ्यात 1960 मध्ये नद्याच वाटून घेतल्या, तीन-तीन. गंगा मात्र एकच. ती वाटायची तर वाहतं पाणी मोजावं लागतं. आमच्या भंडाऱ्याकडे धान लावणाऱ्याला हे लगेच कळेल. नहर 10 फूट रुंद, पाणी 2 फूट खोल. वाळकी काडी सोडली, ती 20 सेकंदांत 30 फूट गेली, म्हणजे वेग सेकंदाला दीड फूट. 10 × 2 × 1.5 = 30 क्युसेक. तळाशी पाणी हळू चालतं, म्हणून धरा साधारण 25. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर.

आता 12 डिसेंबर 1996 चा भारत-बांगलादेश गंगा करार पाहा. 1 जानेवारी ते 31 मे, दर दहा दिवसांनी फरक्क्याच्या, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या गंगेवरच्या बंधाऱ्याच्या, पाण्याचा हिशेब. 70,000 क्युसेकपर्यंत निम्मं-निम्मं. 70 ते 75 हजारांत बांगलादेशाला 35,000, उरलेलं आपल्याला. त्याच्या वर आपल्याला 40,000, उरलेलं त्यांना. सांधे तपासा : 70,000 ला पहिल्या नियमाने 35-35, दुसऱ्यानेही 35-35. 75,000 ला दोन्ही नियमांनी 40-35. कुठेच उडी नाही! उडी असती तर मोजणीतल्या 200 क्युसेकच्या चुकीवर हजारो क्युसेक इकडचे तिकडे झाले असते, आणि दोन्हीकडचे इंजिनियर धुऱ्यावरच्या भावांसारखे भांडत बसले असते. इथे 200 ची चूक 200 च्या पुढे जातच नाही. मला हे फार देखणं वाटतं.

भर उन्हाळ्यात, 11 मार्च ते 10 मे, चक्क पाळी आहे : एक दहा दिवस एका देशाला 35,000 ची हमी, पुढचे दहा दुसऱ्याला. आमच्या नहरेवर पाळी घड्याळावर चालते, पाण्यावर नाही. म्हणून शेवटच्या बांध्यांपर्यंत वेळ पोहोचते, पाणी पोहोचत नाही.

आणि फरक्क्याला 50,000 च्या खाली गेलं तर? तिथे आकडाच नाही. दोन्ही सरकारांनी तातडीने बोलायचं, एवढंच लिहिलंय. कराराची 30 वर्षं डिसेंबर 2026 पर्यंतची. नव्या कागदावर त्या जागी काय येतं, ते मला पाहायचं आहे.