टाइप १ मधुमेह: इन्सुलिनची ‘सवय’ लागते का?
“इन्सुलिन एकदा सुरू केलं की सवय लागते, त्यापेक्षा पोराला कारल्याचा रस द्या,” हा सल्ला कोल्हापुरात गल्लोगल्ली फुकट मिळतो. टाइप १ मध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराची प्रतिकारशक्तीच मारते. गोड खाण्याचा दोष नाही. सवय कसली, जगायलाच इन्सुलिन लागतं! खरी फसगत पुढे होते. इंजेक्शनं सुरू झाल्यावर उरल्यासुरल्या पेशी काही काळ सावरतात, डोस घटतो आणि श्रेय रसाला जातं. तेव्हा इन्सुलिन थांबवलं तर उलट्या, पोटदुखी, धाप, जिवावरच बेततं. तांबडा-पांढरा बंद नाही, सोबतची भाकरी आणि भात मात्र डॉक्टरांच्या हिशेबाने मोजायचा. आणि गूळ आपल्या गुऱ्हाळातला असला तरी साखरच.